पडवीतला बहिरा मुखवटा

आबा, तुम्ही श्रीलंकेहून आणलेला मुखवटा तुम्ही गेल्यानंतरही पडवीत त्याच खिळ्याला आहे. रंग उडालाय, तोंड तसंच एका बाजूला ओढलेलं. बरोबरचे सगळे स्तूप बघायला गेले आणि तुम्ही तो कोरणाऱ्याच्या दारात दिवसभर बसून राहिलात. शाळेत मुलांना तो दाखवून सांगायचात, त्या बेटावर एकेका आजाराचा एकेक मुखवटा असतो, हा बहिरेपणाचा. तो घालून माणूस रोग्यापुढे नाचतो, नैवेद्य घेतो आणि निघून जातो, मग आजारही जातो म्हणतात. आई म्हणाली होती, "बघतंय कसं ते. घरात कशाला आणलंत?" मी विचारलं, तिथले लोक आपल्यासारखेच बौद्ध ना, मग हे कसं? तुम्ही चिडलात. "ती त्यांची जुनी कला आहे. शिकलेल्या पोरीने मनात भुतं आणू नयेत." मला ते फार लागलं, आणि जन्मभर लागून राहिलं.

आता माझी नात दीड वर्षाची आहे. मुलगा-सून कामाला जातात, ती माझ्याकडे असते. जयगडच्या बंदराचे डंपर दारावरून जातात, फळीवरची भांडी वाजतात, आणि ही त्या मुखवट्याखाली गाढ झोपलेली असते. पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा मनात आलं, हिला ऐकू येत नाही की काय. लगेच स्वतःचीच लाज वाटली, की त्या मुखवट्यामुळेच हे डोक्यात येतंय. म्हणून गप्प बसले. पुढे सून म्हणाली, "आई, हाक मारली तर ही वळत नाही हो. दाखवूया का?" मी तिच्यावर खेकसले, मनात भुतं आणू नकोस. तुमचंच वाक्य, आबा. त्याला आठ महिने झाले.

परवा तिने मला न विचारता रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. उद्या जायचंय. ते पहिलं विचारतील, कधीपासून? सून माझ्याकडे बघेल.

हा कागद चुलीतच जाणार आहे, म्हणून लिहिते. आज दुपारी वाटीभर भात त्या मुखवट्यापुढे ठेवला. म्हटलं, घे आणि जा. मग नातीच्या पाठीमागे उभी राहून हाक मारली, दोनदा, तीनदा. ती खेळत राहिली. भात मी मागच्या दारी कोंबड्यांना टाकला आणि वाटी घासून ठेवली, तुम्हाला दिसू नये म्हणून.