तारेवर वाळणाऱ्या पिशव्या

१८ फेब्रुवारी १९७९

प्रिय फुलचंद,

तांड्यावरचा सेवालाल बैल घेऊन हिंगोलीच्या बाजाराला गेला होता, त्यानं तुला पाहिलं. मेव्हण्याच्या दुकानात साखर तोलत बसला होतास म्हणाला. पत्ता त्याच्याकडूनच मिळाला. पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे तू ओळखलं असशील. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

तू जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीत बसलास त्याला सात महिने झाले. तुझं दुकान बंदच आहे. संध्याकाळी गुरांचा दवाखाना बंद केला की माझे पाय अजून तिकडेच वळतात, मग अर्ध्या वाटेतून परत फिरतो. माझी गंगू वारल्यापासून चार वर्षं दिवसभरात माणसाशी म्हणून जे काही बोलायचो ते तुझ्याशीच. आता कधी कधी दोन-दोन दिवस स्वतःचा आवाज कानावर पडत नाही. भाकरी एकच थापतो, तीही उरते.

रंगूबाईची गाय मेली तो दिवस तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. म्हातारी एकटी, त्या दुधावरच तिचं चालायचं. गाय आठ दिवस रवंथ करीना, पोट टम्म फुगलेलं. डॉक्टर येईपर्यंत जीव गेला होता. त्यांनी पोट उघडलं, मी शेजारी बादली धरून उभा. आतून प्लास्टिकचा हा एवढा गोळा निघाला. वरच तुझ्या दुकानातली पातळ गुलाबी पिशवी होती. साहेबांनी विचारलं, “हे कुठून आलं?” भोवती निम्मं गाव उभं होतं. मी म्हणालो, “फुलचंदच्या दुकानातलं हाय, साहेब.” कागदी पुड्या पावसात भिजतात म्हणून गावात त्या पिशव्या पहिल्यांदा तूच आणल्या होत्यास. लोकांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो गोळा तुझ्या दुकानाच्या कडीला बांधून ठेवला. तुझ्याकडून मीठसुद्धा घ्यायचं नाही असं ठरलं. पंधरा दिवसांत तू फळ्या लावल्यास.

तू गेल्यावर मी घरी एक काम सुरू केलं. घरात येणारं प्लास्टिक फेकायचं नाही. धुऊन अंगणातल्या तारेवर वाळत घालायचं आणि वहीत लिहायचं: कोणत्या दिवशी आलं, काय आलं, कुठून आलं. शेजारची बेबीताई विचारायची, “काय भाऊ, पिशव्या काहून वाळू घालून राह्यले?” मी म्हणायचो, पाहून राह्यलो एका माणसाच्या घरात किती येते ते. पहिल्या महिन्यात तेवीस निघाल्या. एक शेवेची, दोन साबणाच्या भुकटीच्या, एक नव्या सदऱ्याची, अशा काही. मग एका जागी माझा हात थांबला. सतरा पिशव्या दवाखान्यातल्या होत्या. गुरांना चारायच्या क्षारांच्या, जाड पांढऱ्या, निळ्या अक्षरांच्या. डाळ, चिंच ठेवायला मीच त्या घरी आणत होतो.

तेव्हापासून कमी करायला लागलो. गंगूच्या जुन्या लुगड्याच्या दोन पिशव्या शिवल्या, बाजाराला त्याच नेतो. तेलाला किटली, शेव कागदात. दवाखान्यात क्षार न्यायला येणाऱ्याला सांगतो, डबा आणा, नाहीतर मिळणार नाही. आधी कुरकुर झाली, मग माणसं डबे आणायला लागली. जानेवारीत माझ्या घरी तीनच पिशव्या आल्या. गाव मला मान द्यायला लागलं. दौलतराव पाटील चारचौघांत म्हणाले, “ग्यानबानं गायीपासून धडा घेतला.” मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

कारण फुलचंद, त्या गोळ्यात तुझ्या पिशव्या दोनच होत्या, वरच्या. साहेबांनी तो माझ्या बादलीत टाकला तेव्हा जरासा उकलला, आत एकात एक गुंतलेल्या पांढऱ्या पिशव्या फक्त मी पाहिल्या. निळी अक्षरंही पाहिली. घरी आणायचो त्याच्या दसपट पिशव्या मी दवाखान्यामागच्या खड्ड्यात टाकत होतो. जाळून, वर माती लोटायचं काम माझं होतं आणि मी ते कित्येक महिने केलं नव्हतं. त्या पिशव्यांना खारट वास राहतो, गुरं चाटून चाटून गिळतात. हे मला माहीत नसेल तर कोणाला असेल? साहेबांनी विचारलं तेव्हा नोकरी डोळ्यांपुढे आली आणि तोंडातून तुझं नाव निघालं. त्या पिशव्या माझ्याच खड्ड्यातल्या हे नंतर कळलं, असं लिहिणार होतो. दोनदा तसं लिहून कागद फाडला. मला त्याच वेळी कळलं होतं.

गेल्या शनिवारी रंगूबाईकडे जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. पण ती म्हणाली, “त्याच्या बायकोले मी हापशीवर काय काय बोलली. तुले पोर नाय, म्हून गायीचा जीव घेतला, असं बोलली. आता ते मी कसं वापस घेऊ?” आणि वर म्हणाली, “मले सांगून काय होते? त्याले लिव.” सोमवारी साहेबांनाही सांगितलं. त्यांनी लेखी मागितलं, दिलं आहे. काय व्हायचं ते होईल. बुधवारी चावडीवर उभा राहून बोललो. आता माझ्याकडेही कोणी बघत नाही, ते बरोबरच आहे.

तू परत ये असं लिहायचा हक्क मला उरलेला नाही. पण वहिनींना हापशीवर काय ऐकावं लागलं हे मला शनिवारपर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणून हे लिहिलं. तू मला माफ करू नकोस, चालेल. त्यांना एवढं वाचून दाखव, की त्या दिवशी त्यांना जे बोललं गेलं ते माझ्या वाट्याचं होतं.

तुझाच म्हणायला धजत नाही, तरी तुझाच,
ग्यानबा