चालू मशीन बंद केली म्हणून

आबा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

नवागामच्या त्या लूमच्या खात्यात, मागांच्या त्या शेडमध्ये, मी तुमचा डबा घेऊन आले होते. चोवीस मशिनी एकदम आदळत होत्या, कानाशी तोंड नेल्याशिवाय बोललेलं ऐकू येत नव्हतं. तुम्ही तुटलेला धागा जोडत होतात, मशीन चालूच. मध्येच थांबवली की कापडावर आडवी रेघ उमटते आणि शेठ अख्खा ताका तोंडावर फेकतो. चालू मशीनवर गाठ मारेल तोच खरा कारागीर, ही तुमची ऐट! तेवढ्यात बाही पट्ट्यात सापडली. मनगट आत ओढलं जातंय, तुम्ही दात आवळताय, पण दुसरा हात काही बटणाकडे जात नाही. मी डबा टाकला आणि मोटर बंद केली.

हात शाबूत निघाला. त्याच हाताने तुम्ही मागावर सूत फिरवणारा लाकडी धोटा उचललात. "मशीन काबर बंद करी तू?" पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानावर. मी पडले तरी थांबला नाहीत. चौदा वर्षांची होते हो मी! बाकीचे कारागीर नुसते बघत राहिले. त्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं.

आणि मी मूर्ख, तुमचीच शिकवण धरून बसले. इंजिनिअर झाले, अणुवीज केंद्राच्या मुलाखतीला गेले. "अणुभट्टी चालू आहे, एक मीटर भलतंच काही दाखवतोय, खात्री नाही. काय कराल?" मी तोऱ्यात म्हणाले, "चालू ठेवूनच दुरुस्त करीन, सर." नापास. घरी येऊन तुमच्या हार घातलेल्या फोटोवर चप्पल फेकून मारली. आई रडत रडत काचा वेचत होती आणि मी ओरडत होते, "मेल्यावरही सोडत नाही हा माणूस!"

पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न. "आधी बंद करीन, मग शोधीन."

"वरिष्ठ ओरडले तर?"

"मारलं तरी बंद करीन."

घेतलं मला. आता नियंत्रण कक्षात बसते. दोनदा अणुभट्टी बंद केलीय आणि कुणी ब्रसुद्धा काढला नाही.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटातच राहील. पण एक कबूल करते. त्या दुसऱ्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं होतं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" तुमचा तो धोटा सांगायची मला लाज वाटली, आबा. मी म्हणाले, "वडिलांनी." त्या म्हणाल्या, "फार जीव असणार त्यांचा तुमच्यावर." मी हो म्हणाले.