माईकवर घेतलेली जबाबदारी

अमरावती, मंगळवार

जावईबापू देवीदासराव यांस महादेवरावाचा नमस्कार.

आम्ही सर्व बरे आहोत. तुमची, साधनाची आणि पातूर रस्त्यावरच्या तुमच्या नव्या पेट्रोल पंपाची प्रकृती कशी आहे? पंपाची काळजी मला हल्ली जास्त वाटते. संत्र्यांची पेटी पोचली. (अमरावतीच्या माणसाला अकोल्याहून संत्री पाठवणाऱ्याच्या मनात काही तरी असते, हे तेव्हाच ओळखायला हवे होते. आम्ही मुकाट्याने खाल्ली.)

काल व्याख्यानासाठी पातूरला जाताना तुमच्याच पंपावर गाडी उभी केली. तेवढ्यात आयोजकांचा फोन आला आणि मी बोलू लागलो. (माझे फोनवरचे बोलणेही शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.) पेट्रोल भरणारी तुमची पायल म्हणाली, "काकाजी, फोन बंद करा. इथचा जबाबदार माणूस लय कडक आहे म्हणते." मला आनंद झाला. अशी माणसे देशाला हवीतच. कोण तो, असे विचारताच तिने फलकाकडे बोट केले. 'सुरक्षेच्या सर्व अटींस जबाबदार व्यक्ती', आणि खाली लाल अक्षरांत माझे नाव. हा मीच, असे मी सांगितले. तिने मला खालून वर पाहिले. "मंग तं तुमाले समजाले पायजे होतं."

मग मी जबाबदार नजरेने पंप पाहिला. आग विझवायच्या वाळूच्या बादल्यांत सांभार (पुण्यामुंबईकडची कोथिंबीर) तरारला आहे. सांभार असा वाळूत येत नाही, म्हणजे बादल्यांत वाळूच नाही. टँकर खाली होत होता आणि त्याचा ड्रायव्हर शेजारी बिडी ओढत होता. त्याला मी आगीचा इतिहास रोमपासून सांगू लागलो. रोम पेटायच्या आतच कंटाळून तो रस्त्यापलीकडे निघून गेला. (अग्निशमनाचा हा प्रकार परवान्यात नसावा.)

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून साधनाला विचारले. ती म्हणते, "बाबा, उद्घाटनाले तुमीच तं माईकवर म्हटलं होतं, या पंपाची जबाबदारी माझी म्हणून. समद्याईनं टाळ्या वाजोल्या." जावईबापू, मी आजवर माईकवर वेगळ्या विदर्भाची, मराठी भाषेची आणि आमच्या वॉर्डातल्या एका नाल्याची जबाबदारी घेतली आहे. कोणीही ती घरी आणून दिली नाही. वक्त्याचा शब्द उचलून फलकावर रंगवणारे तुम्ही पहिलेच.

माझा संशय स्पष्ट लिहितो. परवाना तुमचा, गल्ला तुमचा, आणि भडका उडाला तर तुरुंग माझा. साधनाकडूनच कळले की येत्या सोमवारी तपासणीचे साहेब येणार आहेत आणि नेमके त्याच दिवशी तुम्हाला शेगावचे दर्शन आठवले आहे. परवाना ज्याचा, जबाबदारी त्याची. पत्र मिळताच माझे नाव पुसा, तिथे स्वतःचे लिहा आणि सोमवारी पंपावर उभे राहा. महाराज पळून जात नाहीत.

तुमचा (नात्याने, कायद्याने नव्हे)
महादेवराव

ता. क. सांभार उपटून बादल्यांत खरी वाळू भरा. सांभार फेकू नका, इकडे पाठवा.

ता. क. दुसरा : रविवारी इथे 'शब्दाला जागणारा वक्ता' म्हणून माझा सत्कार आहे. आयोजक पुरावा म्हणून तुमचा फलक पाहायला येणार आहेत. तेव्हा नाव लगेच पुसू नका, सोमवारी पहाटे पुसा. तोपर्यंत पंप बंद ठेवता आला तर फार बरे.