सव्वीस हाडं, अठ्ठेचाळीस पायऱ्या

४ ऑगस्ट, संध्याकाळ

आज दोन गोष्टी झाल्या. एक, नेमणुकीचं पत्र आलं. १ सप्टेंबर, सकाळी नऊ वाजता, पुनर्वसन केंद्रात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू व्हायचं. परगावी. राहायची खोली केंद्रातच. त्या दिवशी हजर झाले नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला. दोन, ते पत्र बाबांना दाखवायला तिसऱ्या मजल्यावरून धावत दुकानाकडे निघाले आणि शेवटच्या तीन पायऱ्या एकदम उतरले. डावं पाऊल मुडपलं.

निदान: घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं आहे. ग्रेड टू, म्हणजे मध्यम. दहा दिवसांत बरं.

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. त्यामुळे घरातल्या दुखण्याला पहिल्यांदाच योग्य नाव मिळालं. एरवी सगळे नुसतं लचकलं म्हणतात आणि फडकं बांधतात.

मीही फडकंच बांधलं, पण शास्त्रीय पद्धतीने.

५ ऑगस्ट

बाबा दुकान उघडायच्या आधी वर आले. त्यांनी माझं पाऊल मांडीवर घेतलं, पावलाच्या बाहेरच्या कडेला बरोबर मध्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. मी ओरडले ते पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याला ऐकू गेलं म्हणे.

बाबा म्हणाले, हे हाड गेलंय, फोटो काढून घेऊ. चाळीस वर्षं लोकांच्या पायांची मापं घेऊन बूट शिवले की माणसाला असा आत्मविश्वास येतो. मी त्यांना नीट समजावलं की ती जागा म्हणजे पाचव्या मेटाटार्सलचा, करंगळीमागच्या लांब हाडाचा, पाया, आणि घोट्याचं दुखणं तिथवर पसरलंय इतकंच. ते म्हणाले, बरं.

आमच्या पुस्तकात असं आहे की नेमकी ती जागा दाबून दुखली तर एक्स-रे काढावाच. पण तो नियम अनोळखी पेशंटसाठी. मी या पायाला बावीस वर्षं ओळखते.

शिवाय एक्स-रे काढला की डॉक्टर काहीतरी शोधणार. शोधलं की प्लॅस्टर. प्लॅस्टर म्हणजे सहा आठवडे, म्हणजे सप्टेंबरचा मध्य. तोवर प्रतीक्षा यादीतली मुलगी माझ्या खोलीत पडदेसुद्धा लावेल. मी एक्स-रे काढत नाहीये तो या कारणासाठी नव्हे. गरज नाही म्हणून.

बाबांनी जाताना कागदावर पावलाची बाह्यरेषा काढून घेतली. काय करणार विचारलं तर म्हणाले, वहीला लागते.

६ ऑगस्ट

बाबांनी बूट आणला. एकच, डावा. दिसायला होडी. तळ जाड चामड्याच्या तीन थरांचा आणि मध्ये लाकडाची फळी. दोन्ही हातांनी वाकवून पाहिला, वाकत नाही. म्हणाले, घरातसुद्धा हा घालूनच चाल, पाऊल मुडपू देऊ नकोस.

मी त्यांना तळव्यावर पेनने हाडं काढून दाखवली. एका पावलात सव्वीस हाडं, तेहेतीस सांधे. निसर्गाने हे वाकण्यासाठी बनवलंय. फळीत जखडलं तर स्नायू आळशी होतात. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, बरं.

बूट कॉटखाली सरकवून ठेवला. त्यांना वाईट वाटायला नको म्हणून जरा पुढेच ठेवला.

८ ऑगस्ट

खोलीत कॉट, टेबल, खिडकी. दारातून बाहेर पडलं की जिन्याचा कोपरा, आणि तिथे खुर्ची टाकून आत्या. हिला कुणी बसवलं नाही, पण उठतही नाही. मी दारापर्यंत लंगडत गेले की म्हणते, डॉक्टरीणबाई, कुठे निघालात. मी सांगते की मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणते, बरं, मग फिजिओथेरपिस्टबाई, मागे फिरा.

आई तीन वेळा वर येऊन विचारून गेली की खरंच ताणच आहे ना. तिला घोट्याची रचना समजावली. तिने चादर बदलली.

टॅलस हे घोट्यातलं मुख्य हाड. नडगीच्या दोन हाडांच्या चौकटीत अडकवलेलं, खाली टाच, पुढे बाकीचं पाऊल. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. स्वतःहून काही करता येत नाही, शेजारपाजारचे ओढतील तसं हलायचं. कॉलेजात हे नुसतं पाठ केलं होतं. आता त्याच्याबद्दल आपुलकी वाटते.

११ ऑगस्ट

सूज तशीच. निळा रंग आता हिरवट. म्हणजे प्रगती.

संकल्प: वेळ वाया घालवायचा नाही. खिडकीतून खाली दुकानाचं छप्पर दिसतं. त्यामुळे गिऱ्हाइकांची डोकी दिसत नाहीत, फक्त माप द्यायला पुढे केलेले पाय दिसतात. अभ्यासाला याहून चांगली जागा नाही. आज सहा पायांचं निदान केलं. चिठ्ठ्या लिहून टोपलीतून दोरीने खाली सोडल्या. सपाट तळवा, पंजावर उभं राहण्याचा व्यायाम, दिवसातून तीन वेळा. वगैरे.

संध्याकाळी बाबांना विचारलं, लोक काय म्हणाले. ते म्हणाले, कागद चांगला जाड आहे.

१४ ऑगस्ट

दहा दिवस झाले. बरं झालेलं नाही. पण मी दहा दिवस म्हटलं होतं ते सरासरी.

आता स्नायू बळकट करायचे. पावलाच्या बाहेरच्या बाजूला पेरोनियस ब्रेव्हिस नावाचा स्नायू येतो, तो बरोबर त्या दुखऱ्या हाडाच्या टोकाला चिकटतो. तो मजबूत झाला की पाऊल पुन्हा मुडपणार नाही. आईच्या शिवणाच्या डब्यातलं रुंद इलॅस्टिक कॉटच्या पायाला बांधलं, त्यात पाऊल अडकवलं आणि बाहेरच्या बाजूला ओढायला सुरुवात केली. वीस वेळा, तीन सेट.

बारा झाले. डोळ्यांतून पाणी आलं. स्नायू जागा होतोय.

१७ ऑगस्ट

आत्याची टाच दुखते. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की जीव जातो म्हणाली. माझी पहिली पेशंट. तिला तळव्याखाली बाटली फिरवण्याचा व्यायाम दिला. तिने बाटली पायाखालून काढून पाणी प्यायलं.

दुपारी बाबांनी तिच्या चपलेत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचा, एक गोल तुकडा बसवला, मध्ये भोक पाडून. पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी आत्या जिन्याच्या कोपऱ्यात चालून दाखवत होती. म्हणाली, बघा, शिकलेली माणसं घरात असली की फरक पडतो.

ती टोमणा मारत होती की खरंच म्हणत होती ते कळलं नाही. मी खरंच असं धरते.

२१ ऑगस्ट

इलॅस्टिक: वीस वेळा, तीन सेट पूर्ण. नंतर पाऊण तास पाय खाली टेकवला नाही, पण तो विश्रांतीचा भाग आहे.

डाव्या पायावर तोल सांभाळण्याचा व्यायामही सुरू केला. लक्ष्य तीस सेकंद. आज दोन.

केंद्राच्या प्रमुख मॅडमचा फोन. येताय ना नक्की, विचारलं. मी म्हटलं, नक्की. त्या म्हणाल्या, बरं झालं, कामात दिवसभर उभं राहावं लागतं. मी म्हटलं, मला उभं राहायला आवडतं. हे मी खिडकीच्या कठड्याला धरून, एका पायावर म्हटलं.

२५ ऑगस्ट

बाबा रोज सकाळी वर येतात. पायाकडे बघतात. कॉटखाली बघतात. खाली जातात.

आज मीच म्हटलं, बाबा, काही म्हणायचंय का. ते म्हणाले, नाही, तू म्हणतेस तर तसंच असेल. मला बरं वाटलं. घरात शास्त्रीय दृष्टिकोन रुजायला वेळ लागतो.

ट्रंक भरली. पुस्तकं, पदवीदानाचा फोटो. तो दुकानात बुटांच्या लाकडी फर्म्यांच्या वरच्या खिळ्यावर असतो, पण बाबांनी स्वतःहून वर पाठवला. म्हणाले, तिकडे भिंतीला लाव, इथे सगळ्यांनी बघून झालाय.

२९ ऑगस्ट, सकाळ

आज जिना उतरण्याची रंगीत तालीम. आत्या अंघोळीला गेली की निघायचं. अठ्ठेचाळीस पायऱ्या, अंदाजे तीन मिनिटं.

२९ ऑगस्ट, दुपार, हॉस्पिटल

सोळा पायऱ्या झाल्या. सतराव्या पायरीवर आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि मी खाली बसले. वर जाता येईना, खाली उतरता येईना. जिन्याला खिडकी नाही. अर्धा तास मी टॅलसचा विचार करत बसले. शेवटी हाक मारली.

बाबा आणि शिंपी, दोघांनी मला खुर्चीत बसवून उतरवलं. पुढे आत्या, ओल्या केसांनी, रस्ता मोकळा करत. जिन्यात कुणी नव्हतं.

एक्स-रे काढला.

२९ ऑगस्ट, संध्याकाळ, घर

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. पाचव्या मेटाटार्सलच्या पायाचा तुकडा निघालाय. त्यांनी विचारलं, दुखावल्यानंतर काय काय केलं. मी सांगितलं. इलॅस्टिकचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, तो स्नायू याच तुकड्याला चिकटलेला असतो, दोन आठवडे रोज ओढून तो तुकडा बाजूला नेलाय. हा व्यायाम कुणी दिला? घरात कुणी फिजिओथेरपिस्ट आहे का? आत्याने अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मग बाबांनी पिशवीतून तो बूट काढला. कॉटखालून कधी उचलला माहीत नाही. भीत भीत विचारलं, आता हा चालेल का. डॉक्टरांनी तो हातात घेतला, वाकवायचा प्रयत्न केला, फळीवर बोटाने ठोकलं. म्हणाले, पहिल्या दिवशी आली असती तर मी हाच दिला असता. कडक तळाचा बूट. अशा फ्रॅक्चरला बहुधा तेवढंच लागतं, प्लॅस्टर नाही. चार आठवड्यांत चालायला लागली असती.

४ ऑगस्ट अधिक चार आठवडे. मी मनात मोजलं. १ सप्टेंबर.

आता प्लॅस्टर, गुडघ्याखाली. सहा आठवडे. पाय टेकवायचा नाही. तेवढ्यानेही जुळलं नाही तर स्क्रू.

मी डॉक्टरांना सांगितलं की दुखणं घोट्याकडून पसरल्याची शक्यता मी विचारात घेतली होती. ते म्हणाले, बरं. अगदी बाबांसारखं म्हणाले.

१ सप्टेंबर, सकाळी नऊ

काल केंद्रात फोन केला. मॅडमनी विचारलं, फ्रॅक्चर कधीचं. मी तारीख सांगितली. त्यांनी विचारलं, ती जागा दाबून पाहिली नव्हतीस का. मी म्हटलं, बाबांनी पाहिली होती. प्रतीक्षा यादीतली मुलगी आत्ता या क्षणी रुजू होत असेल.

आत्याने खुर्ची जिन्याच्या कोपऱ्यातून उचलून आत, कॉटशेजारी आणली आहे. पहाऱ्याची आता गरज नाही म्हणते.

वेळ जाईना म्हणून बाबांकडून मापांची वही मागवली. टोपलीत घालून पाठवली. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान, पावलाची बाह्यरेषा, खाली एखाद-दुसरी ओळ. बोट वर येतंय. टाच अरुंद. माझं पान शेवटी आहे. मी चालायला लागले तेव्हापासूनची सगळी पावलं एकात एक काढलेली. सगळ्यांत बाहेरची रेषा सुजलेली, वेडीवाकडी. तिच्याखाली बाबांचं अक्षर:

५ ऑगस्ट. डावा. कडेचं हाड मोडलंय. तळ वाकता कामा नये.

त्याखाली वेगळ्या शाईत, नंतर लिहिलेलं: घालत नाही. शिकलेली आहे, तिला जास्त कळत असेल.

वही टोपलीत ठेवून खाली सोडली. आज चिठ्ठी घातली नाही.