पिवळी फांदी

८ फेब्रुवारी

पिवळी गेली! बाबांनी पार खोडापासून कापली.

एका खोडावर चार जातींची सफरचंदं — बाबांच्या, माझ्या सासऱ्यांच्या, हातची कलमं. लाल, हिरवी, गुलाबी, पिवळी. पिवळी मी या घरात आले त्या वर्षीची. येईल त्याला सांगायचे, “ही आमच्या सूनबाईची फांदी.” आणि आज तीच?

“अहो बाबा, हे काय केलंत?”

“सगळ्यांना खाईल ती,” म्हणे. कोण? कुणाला? पुढे बोलतच नाहीत!

आणि ते पुसणं! एक काप घ्यायचा, स्पिरिटच्या फडक्याने कात्री पुसायची. पुन्हा काप, पुन्हा पूस. पातं लखलखत होतं तरी पुसताहेत. काटक्या वेचून वेचून पोत्यात भरल्या. ते पोतं मी खताच्या खड्ड्याकडे न्यायला लागले, तर केवढ्याने ओरडले माझ्यावर! इतक्या वर्षांत कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. मला रडूच आलं.

शेवटी कात्री हातातून काढून घेतली. झाड एकीकडे बोडकं दिसत होतं, म्हणून उरलेल्या तिघींची थोडी छाटणी मीच केली. लाल फांदीचा शेंडा बाबांनी सकाळीच छाटला होता, तो तसाच ठेवला. बाबा फडकं घेऊन मागे मागे — “पूस, आधी पूस!” मी फडकंही काढून घेतलं. मग पायरीवर जाऊन बसले ते. जेवलेसुद्धा नाहीत नीट.

९ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “आता घरात ठेवणं झेपायचं नाही गं.” खरंय. मागे गॅस तसाच चालू ठेवला होता. मला मधूनच ‘वहिनी’ म्हणतात. पण परवा बंद पडलेली इस्त्री चुटकीसरशी दुरुस्त करून दिली! मग डोकं चालतंय की नाही? माझंच चालेनासं झालंय.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी मलाच विचारलं, “एकच गोष्ट पुन्हापुन्हा करतात का?” मी कात्रीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं. हे माझ्याकडे बघत होते. खरं तेच तर सांगितलं मी!

२ मार्च

बाबांना वृद्धाश्रमात सोडलं. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, “पोतं जाळलं का?”

हो म्हटलं. न्हाणीघरामागे तसंच पडलंय.

११ मार्च

घर कसं शांत. बरं वाटायला हवं ना? वाटत नाही.

२० एप्रिल

झाडाला काय झालंय कळत नाही. फुलं आली आणि करपली. कोवळे शेंडे काळे पडून वाकलेत, जाळावर धरल्यासारखे. पाणी कमी पडलं? की जास्त झालं? मी जिथे जिथे कापलं तिथून चिकट काहीतरी गळतंय — तिन्ही फांद्यांवर! बाबांनी छाटलेला लालचा शेंडा तेवढा हिरवागार. त्यांचा हातगुण म्हणायचा की काय? उद्या रोपवाटिकावाल्याला बोलावते.

२१ एप्रिल

तो आला. झाडाकडे नुसतं बघितलं, मग न्हाणीघरामागचं पोतं उपसलं. पिवळीचा तुकडा काढून साल खरवडली — आत सगळं तपकिरी. “रोग हिलाच होता. ज्याने कापली त्याने बरोबर ओळखलं. पण नंतर तीच कात्री न पुसता बाकीच्यांना कुणी लावली?”

झाड वाचेल का विचारलं. “आधी हे पोतं जाळा,” एवढंच म्हणाला.

ह्यांना फोन लावला. “बाबांना आजच्या आज घरी आणा.”

“अगं, पण झालं काय?”

रडत रडत एवढंच म्हटलं — “आधी आणा. मग सांगते.”