खुनी घरीच छापायचा

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? दुखत असला तरी चालत राहा, बसून गुडघा गंजतो. बायकोला माझे आशीर्वाद सांग, आणि तिने विणलेले हातमोजे मला घट्ट होतात हे सांगू नकोस. आम्ही दोघं ठणठणीत. हे जरा राखाडी झालेत, पण ते पुढे येईल. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि आमच्या घरात भिंतीला कान आहेत (ह्यांचे).

तर प्रिंटर. तुला माहीतच आहे, निवृत्त झाल्यापासून हे रहस्यकथा लिहितात. एका बोटाने, पण रोज. मागची कथा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापायला दिली. त्या मेल्याने छापता छापता वाचली आणि येईल-जाईल त्याला खुनी सांगून टाकला. पुढे वाचनालयात ह्यांनी शेवटचं पान वाचायला घेतलं, "आणि तो खुनी होता..." म्हणून श्वास घेतला, तर सगळी माणसं पाढे म्हटल्यासारखी एका सुरात ओरडली, "डॉक्टर!" हे घरी आले, चष्मा डबीत ठेवला आणि वर्षभर एक ओळ लिहिली नाही. नुसते खिडकीत बसायचे. जन्म वजनकाट्यावर गेलेला माणूस, समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं वजन मला सांगायचे. माणसांचंही सांगायला लागले तेव्हा मात्र मी घाबरले.

आता देवाच्या दयेने पुन्हा लिहिलंय. येत्या रविवारी वाचन आहे. म्हणून मी ठरवलं, ह्या खेपेला खुनी घराबाहेर छापायचा नाही.

तू फोनवर दिलेला सल्ला मी पूर्ण ऐकला (मधे भाजी चिरून, फोडणीला टाकून परत आले, तू तिथेच होतास). ओल्या शाईचा घेऊ नको, पडून राहिला की शाई वाळते. लेझर घे. नुसता काळा छापणारा पुरे. आणि यंत्राच्या आधी टोनरची किंमत विचार, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एवढंच होतं ना? मग इतका वेळ काय बोलत होतास?

दुकानात एक टायवाला मागे लागला. हा रंगीत छापतो, हा फोटो काढतो, हा फोनवरून हुकूम ऐकतो. मी म्हटलं, बाबा रे, नवरासुद्धा हुकूम ऐकत नाही, यंत्राकडून कशाला अपेक्षा ठेवू? साधा काळा दाखव. त्याने विचारलं, "काकू, छापायचं काय आहे?" मी म्हटलं, "खून." तो दोन पावलं मागे सरकला आणि एकदम अदबीने वागायला लागला. तुलाही सांगून ठेवते, भाव करायच्या आधी हा शब्द उच्चारावा.

मग मी यंत्रं उचलून पाहिली. (जड वस्तू टिकते. ह्यांच्याबरोबर राहून एवढं तरी शिकले.) एक बुटकं, करडं, मांडून ठेवलेलं यंत्र हाताला बरं लागलं. म्हटलं, चालवून दाखव. पेन ड्राइव्ह दिला आणि बजावलं, पहिलं पान फक्त. त्या शहाण्याने सगळी कथाच सोडली! यंत्र सुटलं की रे उधळलेल्या घोड्यासारखं. पानं बाहेर, जमिनीवर, फ्रिज बघायला आलेल्यांच्या हातात. आणि लोक वाचायला लागले! मी बंद करायचं बटण शोधतेय, ते सापडत नाही, शेवटी दिसली ती वायर ओढली. यंत्र थांबलं. त्याबरोबर भिंतीवरचे सगळे टीव्हीही थांबले.

पण शेवटचं प्रकरण छापायच्या आत यंत्र थांबलं होतं! मी एकेकाच्या हातातून पानं ओढून घेतली. एक बाई सोडेचना, म्हणे मोलकरणीने विहिरीत काय टाकलं तेवढं वाचू द्या. टायवाला तर हात जोडून, "काकू, खुनी सांगा, किंमत कमी करतो." मी म्हटलं, आधी कमी कर. त्याने केली. मग मी सांगितलं नाही. (सांगणार काय कपाळ? हे मलाही सांगत नाहीत.)

घरी आणल्यावर टोनर भरलेला आहे का पाहावं म्हणून त्याचं बूच उघडलं. शाई ओली असते ही माझी समजूत. ती पूड निघाली. हे वाकून बघत होते, तेवढ्यात शिंकले. मी लगेच ह्यांना आणि टेबलक्लॉथला कढत पाण्याने धुतलं. गरम पाण्याने ती पूड पक्की बसते हे तू फोनवर सांगितलं नाहीस. नको ते सगळं सांगितलंस. ह्यांच्या भुवया अजून राखाडी आहेत, पण लेखक म्हणून शोभतात.

उरलेल्या पुडीत कथा मात्र स्वच्छ छापली. बाहेर कुणालाही पत्ता नाही. हे शीळ घालत फिरताहेत. बाकी क्षेम. तब्येतीला जप.

तुझी,
ताई

ता. क. : शेवटचं पान यंत्रात अडकलं होतं. ते मीच काढलं, आणि काढताना डोळे मिटून काढता येत नाही. खुनी मेहुणा आहे. बायकोचा धाकटा भाऊ, फोनवर तासन्‌तास सल्ले देणारा, गुडघ्याने लंगडणारा. सरळ तूच आहेस.

ता. क. दुसरा : रागावू नकोस. न सांगता बोलावलं असतं तर तू भर वाचनात उठून हुज्जत घातली असतीस, म्हणून सांगितलं. रविवारी ये. पुढच्या रांगेत, ह्यांना दिसशील असा बस. ह्यांनी खुनी सांगितला की दचकायचं. मागच्या वेळी एकही माणूस दचकला नाही रे, तेच त्यांना लागलं होतं. घरी सराव करून ये, आणि तुझ्या सवयीने आधीच दचकू नकोस. मी खोकेन, मग दचक.