कानशिलावर मोडलेली बोटं

एडिंबरा

प्रिय माय,

तुला अन् बाबांना जयभीम. मी मजेत हाय. थंडी सोसवते, जेवणही वेळेवर होतं, बहुतेक.

इथल्या संग्रहालयात आपल्या मुलखाची जुनी चित्रं हायेत, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. एका चित्रात गावाला निघालेल्या पोरासमोर एक बाई दोन्ही मुठी कानशिलाला लावून उभी हाय. खाली लिहिलेलं, ‘संतापलेली स्त्री’. आमचा वर्ग ती बघायला गेला होता. वर्गात मी आजवर तोंड उघडलं नव्हतं, पण त्या दिवशी राहवलं न्हाई.

"ती संतापली न्हाई," मी म्हटलं, "लेकराला ओवाळून बोटं मोडून राहिली." कुणाला कळेना. मग मी आमच्या मॅडमच्याच गालांवरून हात फिरवले अन् माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आपण दृष्ट मानत न्हाई, पण माया तर मानतो ना?

सगळा वर्ग हसला. संग्रहालयवाले चित्राखाली आता ‘निरोप देणारी आई’ असं लिहिणार हायेत.

मॅडम साठीच्या, एकट्याच राहतात. सगळे गेल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला अन् हळूच म्हणाल्या, "लुंबिनी, पुन्हा एकदा कर."

मी केलं, माय. लई वेळ केलं.

बाबांचा गुडघा कसा हाय? खरं सांग.

तुझी लेक,
लुंबिनी